‘बळी तो कान पिळी’ हा निसर्गाचा कायदा नव्हे

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



समतेचा विषय निघाला की एक ठराविक आक्षेप हमखास पुढे येतो. आक्षेप घेणारा बहुधा सुशिक्षित असतो आणि त्याचा स्वर समजूत घालणाऱ्याचा असतो. तो म्हणतो, “तुमची तत्त्वे थोर आहेत, पण निसर्ग समता मानत नाही. डार्विनने सिद्ध केले आहे की जो समर्थ तोच टिकतो. बळी तो कान पिळी, हाच सृष्टीचा नियम. तुम्ही त्याच्या विरुद्ध जाऊ पाहता.” बाजारात हरलेला लहान दुकानदार, कुपोषणाने गेलेले आदिवासी मूल, पिढ्यान्‌पिढ्या गावकुसाबाहेर ठेवलेला माणूस, या सर्वांच्या वाट्याला आलेले दुःख मग ‘निसर्गाची निवड’ ठरते. ज्याने अन्याय केला तो मोकळा सुटतो आणि निसर्गावर खटला भरता येत नसल्यामुळे प्रकरण तेथेच मिटते.

या आक्षेपाला केवळ करुणेने उत्तर देता येणार नाही. तो विज्ञानाच्या नावाने घेतला जातो, म्हणून त्याचे उत्तरही विज्ञानातूनच दिले पाहिजे. आणि ते देणे अवघड नाही. नैसर्गिक निवड म्हणजे काय आणि ‘योग्यता’ हा शब्द आनुवंशिकीत कोणत्या अर्थाने वापरला जातो, एवढे नीट समजून घेतले की हा आक्षेप आपोआप गळून पडतो.

शब्दाचा घोटाळा

ज्या शब्दप्रयोगाचे मराठीत ‘बळी तो कान पिळी’ असे रूपांतर केले जाते, तो मुळात डार्विनचा नव्हे. ‘सर्वांत योग्य असेल त्याचा टिकाव’ अशा अर्थाचा तो शब्दप्रयोग हर्बर्ट स्पेन्सर या इंग्रज तत्त्वज्ञाने 1864 साली केला. डार्विनचा ग्रंथ 1859 मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्याच्या 1869 च्या पाचव्या आवृत्तीत डार्विनने हा शब्दप्रयोग स्वीकारला. तो स्वीकारण्याची सूचना आल्फ्रेड रसेल वॉलेस याची होती. नैसर्गिक निवडीची कल्पना डार्विनइतक्याच स्वतंत्रपणे सुचलेला हा वॉलेस पुढे जमिनीच्या राष्ट्रीयीकरणाचा पुरस्कर्ता आणि घोषित समाजवादी झाला. निवडीचा सिद्धांत मांडणाऱ्या दोघांपैकी एकाला त्यातून समाजवादाशी विरोध दिसला नाही, ही गोष्ट आक्षेपकांना सहसा ठाऊक नसते.

आता ‘योग्य’ म्हणजे काय? पैलवान, श्रीमंत, हुशार, गोरा? यांपैकी काहीच नाही. आनुवंशिकीत योग्यता हे एक माप आहे, आणि ते अगदी कोरडे माप आहे. एखाद्या जनुकीय प्रकारच्या जीवांनी, एका विशिष्ट परिस्थितीत, पुढच्या पिढीत सरासरी किती प्रजननक्षम संतती मागे ठेवली, ती संख्या म्हणजे त्या प्रकाराची योग्यता. सिंहाची योग्यता त्याच्या गर्जनेत नसते आणि सशाची अयोग्यता त्याच्या भित्रेपणात नसते. पळून जाऊन पिल्ले वाढविणारा ससा हा लढून मरणाऱ्या सशापेक्षा अधिक योग्य ठरतो.

या मापाने पाहिले तर आक्षेपकाची मोठी पंचाईत होते. विसाव्या शतकाच्या प्रारंभी इंग्लंडमधील सुप्रजननवादी मंडळी एक तक्रार सतत करीत: गरिबांना मुले फार होतात आणि ‘चांगल्या’ घराण्यांत ती कमी होतात. ही तक्रार म्हणजे स्वतःच्याच सिद्धांताचा पराभव होता. डार्विनच्या मापाने ज्यांची संतती अधिक ते योग्य. मग ज्यांना ते ‘अयोग्य’ म्हणत होते ते कोणत्या मापाने? ते माप जीवशास्त्राचे नव्हते. ते वर्गाचे होते, आणि जीवशास्त्राचा अंगरखा त्याला मागाहून चढविलेला होता.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. नैसर्गिक निवड घडण्यासाठी तीन अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. जीवाजीवांत फरक असला पाहिजे. तो फरक आनुवंशिक, म्हणजे आईबापांकडून मुलांकडे जनुकांवाटे जाणारा असला पाहिजे. आणि त्या फरकामुळेच संततीच्या संख्येत फरक पडला पाहिजे. तिन्हींपैकी एक अट जरी नसली तरी निवड घडत नाही. मेळघाटातील एखादे मूल आईला पुरेसे अन्न न मिळाल्यामुळे कमी वजनाचे जन्मले, दवाखाना दूर असल्यामुळे न्यूमोनियाने गेले, तर तेथे जनुकांनी काय निवडले? त्या मृत्यूचे कारण रेशनच्या दुकानात, रस्त्यात आणि रिकाम्या असलेल्या डॉक्टरच्या जागेत आहे. त्या मृत्यूला निसर्गनियम म्हणणे हे अज्ञान तरी आहे, नाहीतर लबाडी.

निवड कशी चालते: कपाशीच्या शेतातील धडा

निवडीचे काम प्रत्यक्ष पाहायचे असेल तर विदर्भ-मराठवाड्यातील कोणत्याही कपाशीच्या शेतात जावे. भारतात बीटी कपाशीला 2002 साली परवानगी मिळाली. एका जिवाणूतील विषारी प्रथिनाचे जनुक या कपाशीत घातलेले असते. बोंडअळीने बोंड कुरतडले की ती मरते. 2006 मध्ये दोन विषारी प्रथिने असलेले वाण आले. काही वर्षांतच देशातील बहुतेक सारी कपाशी बीटी झाली.

कोट्यवधी गुलाबी बोंडअळ्यांमध्ये काही मोजक्या अशा असतात की ज्यांच्यात योगायोगाने घडलेल्या उत्परिवर्तनामुळे ते विष बाधत नाही. बीटी नसलेल्या शेतात या जनुकाचा काही उपयोग नसतो. बीटीच्या शेतात मात्र इतर सर्व मरतात आणि याच उरतात. विषाने अळीला ‘शिकविले’ नाही, अळीने ‘प्रयत्न’ केला नाही. जे आधीच विरळपणे अस्तित्वात होते त्याचे प्रमाण वाढले, एवढेच घडले. लोकसमूहातील जनुकांचे प्रमाण पिढीगणिक बदलणे, हीच उत्क्रांतीची आनुवंशिकीतील व्याख्या होय.

हा वेग किती असतो? एखाद्या प्रकाराला शंभरात फक्त एक इतका अधिक लाभ असेल, म्हणजे इतरांची शंभर संतती तेथे त्याची एकशे एक, तर इतरांच्या तुलनेत त्याचे प्रमाण दुप्पट व्हायला सुमारे सत्तर पिढ्या लागतात. हजारास एक अशा विरळ अवस्थेतून निम्म्यापर्यंत यायला सुमारे सातशे पिढ्या. माणसाच्या हिशेबाने ती सतरा-अठरा हजार वर्षे झाली. परंतु बोंडअळीच्या एकाच हंगामात अनेक पिढ्या होतात आणि बीटीच्या शेतात प्रतिकारक अळीला मिळणारा लाभ शंभरात एकाचा नसतो, अनेक पटींचा असतो. म्हणून जे हजारो वर्षांचे काम ते दहा-बारा वर्षांत उरकले. गुजरातेत पहिल्या प्रथिनाला प्रतिकार निर्माण झाल्याचे 2010 मध्ये बियाणे कंपनीनेच मान्य केले. पुढे दुसऱ्या प्रथिनाचीही तीच गत झाली. आणि 2017 च्या खरिपात महाराष्ट्रातील कापूस उत्पादकांचे गुलाबी बोंडअळीने अतोनात नुकसान केले. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या फवारणीत विषबाधा होऊन विसाहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले.

हे अटळ होते काय? प्रतिकार कधी ना कधी येणार हे शास्त्रज्ञांना पहिल्या दिवसापासून माहीत होते. म्हणूनच बीटीच्या भोवती बिगर-बीटी कपाशीच्या ओळी लावण्याचा नियम होता. त्यामागील हिशेब साधा आहे. बिगर-बीटी ओळींवर साध्या अळ्या जगतात, त्यांचे पतंग प्रतिकारक पतंगांशी मीलन करतात आणि प्रतिकाराचे जनुक एकेरी झाल्यामुळे त्यांची बरीचशी संतती बीटीवर मरते. पण ज्याच्याकडे तीन एकर कोरडवाहू जमीन आहे आणि डोक्यावर सावकाराचे कर्ज आहे, त्याने त्यातील पाचवा हिस्सा अळीला आंदण द्यावा, ही अपेक्षा कोणाच्या भरवशावर होती? त्याला नुकसानभरपाई देण्याची व्यवस्था नव्हती, समजावून सांगण्याची तर त्याहून नव्हती. बिगर-बीटीची पाकिटे बांधावर पडून राहिली. शिवाय भारतात हे तंत्रज्ञान बहुतांशी संकरित वाणांतून आले, कारण संकरित बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते. ही वाणे दीर्घ मुदतीची. त्यात पाण्याची सोय असलेल्यांनी फरदड ठेवली, आणि अळीला जवळजवळ वर्षभर अन्न मिळाले.

तात्पर्य, अळीची ‘योग्यता’ अळीत नव्हती. ती बियाण्याच्या बाजारपेठेने, कर्जाने आणि सरकारी विस्तारसेवेच्या अनास्थेने मिळून घडविलेल्या परिस्थितीत होती. परिस्थिती बदला, योग्यता बदलेल. ही गोष्ट जेवढी अळीला लागू आहे तेवढीच माणसाच्या रक्तालाही लागू आहे, हे आता पाहावयाचे आहे.

रक्तातील हिशेब

नंदुरबारमधील भिल्ल आणि पावरा, गडचिरोलीतील गोंड, माडिया आणि परधान, तसेच विदर्भातील अनेक दलित व मागास समाजघटक यांच्यात सिकलसेल हा आजार आढळतो. रक्तातील हिमोग्लोबिनच्या जनुकात एका ठिकाणी बदल झालेला असतो. असे जनुक आई व बाप या दोघांकडूनही आले तर तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, लहान रक्तवाहिन्यांत अडकतात, असह्य वेदनांचे झटके येतात, रक्त कमी होते, जंतुसंसर्ग जडतो. उपचार न मिळाल्यास अनेक मुले लहानपणीच दगावतात. जनुक एकाच बाजूने आले असेल तर तो माणूस वाहक असतो; तो आजारी नसतो, सर्वसामान्य आयुष्य जगतो.

येथे एक कोडे उभे राहते. जे जनुक मुलांना मारते ते निवडीने केव्हाच नाहीसे व्हायला हवे होते. ते टिकले कसे? या कोड्याच्या उत्तराची दिशा 1949 च्या सुमारास जे. बी. एस. हॉल्डेन यांनी दाखविली. भूमध्य समुद्राच्या परिसरातील अशाच एका रक्तविकाराचा विचार करताना त्यांनी सुचविले की वाहकांना मलेरियापासून संरक्षण मिळत असावे. 1954 मध्ये अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत सिकलसेलच्या बाबतीत हे दाखवून दिले. सिकलसेल वाहक मुलांना मलेरिया होतो, पण जीवघेण्या स्वरूपाचा फार क्वचित होतो. भारतातही हे जनुक 1952 मध्ये निलगिरीच्या आदिवासींत प्रथम नोंदले गेले, आणि नंतर ज्या जंगलपट्ट्यांतून ते सापडत गेले ते बहुतेक पूर्वापार मलेरियाचे प्रदेश होते.

हिशेब कागदावर मांडून पाहण्यासारखा आहे. शंभर माणसांची एक वस्ती धरा. प्रत्येकात या जागेची दोन जनुके, म्हणजे एकूण दोनशे. त्यांपैकी वीस सिकलसेलची आहेत असे समजा. नियमाप्रमाणे वस्तीत एक माणूस आजारी असेल, अठरा वाहक असतील आणि एक्क्याऐंशी जणांत हे जनुक मुळीच नसेल. आता त्या एका आजारी माणसाला संतती झाली नाही, तर वीसपैकी दोन सिकलसेल जनुके गेली, म्हणजे दहा टक्के. परंतु मलेरियाने त्या एक्क्याऐंशी जणांपैकी नऊ जण, म्हणजे नवव्या हिश्शाचे, संतती होण्यापूर्वीच गेले, तर साधी जनुकेही एकशे ऐंशीपैकी अठरा गेली. म्हणजे तीही दहा टक्केच. दोन्हीकडची घट सारखी. म्हणून पुढच्या पिढीत प्रमाण जसेच्या तसे. निवड चालूच आहे, मृत्यू दोन्ही बाजूंना होत आहेत, पण तोल ढळत नाही.

या छोट्या हिशेबात ‘श्रेष्ठ जनुक’ आणि ‘हीन जनुक’ या कल्पनेचा पुरता निकाल लागतो. मलेरियाच्या प्रदेशात सर्वांत योग्य कोण? ज्याच्याकडे दोन्ही ‘शुद्ध’ जनुके आहेत तो नव्हे. ज्याच्याकडे एक-एक आहे तो. तोच माणूस मलेरिया नसलेल्या शहरात जाऊन राहिला तर हा लाभ संपतो. जनुक तेच, माणूस तोच. बदलली ती परिस्थिती. शुद्ध रक्ताचा अभिमान बाळगणाऱ्यांनी ही बेरीज-वजाबाकी एकदा करून पाहावी.

रक्तावरून माणसांच्या प्रती ठरविणाऱ्यांना दुसरा धक्का 1972 मध्ये रिचर्ड लेवाँटिन यांनी दिला. माणसामाणसांतील जनुकीय विविधतेपैकी सुमारे 85 टक्के विविधता कोणत्याही एकाच लोकसमूहाच्या आत असते, असे त्यांच्या गणिताने दाखविले. निरनिराळ्या ‘वंशां’मधील फरकाचा वाटा त्यापुढे अल्प आहे. एका जातीतील दोन माणसांत जेवढा फरक निघेल त्यापुढे दोन जातींमधील सरासरी फरक नगण्य ठरतो. मग जात हे गुणांचे वर्गीकरण कसे होऊ शकेल?

निवड हाती घेऊ पाहणारे

मलेरिया हटला आणि उपचारही नसले, तर हे जनुक हळूहळू कमी होत जाईल. किती हळूहळू? वरच्या वस्तीत ते दहास एक या प्रमाणात आहे. एकाही रुग्णाला संतती झाली नाही असे धरले, तरी ते प्रमाण निम्मे व्हायला दहा पिढ्या, म्हणजे अडीचशे वर्षे लागतील. पुढे गती आणखी मंदावते. शंभरास एक या प्रमाणावरून दोनशेस एक व्हायला शंभर पिढ्या, अडीच हजार वर्षे! कारण उघड आहे. जनुक जितके विरळ होते तितके ते रुग्णांत सापडत नाही, वाहकांत लपते. आणि वाहक तर निरोगी असतात.

हे गणित विसाव्या शतकात ज्यांनी ऐकले नाही त्यांनी काय केले, हा इतिहास आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1927 साली सक्तीच्या नसबंदीचा कायदा वैध ठरविला. त्या देशात साठ हजारांहून अधिक माणसांची अशी नसबंदी झाली, आणि त्यांत गरीब स्त्रियांचा भरणा मोठा होता. नाझी जर्मनीने 1933 मध्ये तसाच कायदा केला आणि सुमारे चार लाख लोकांना संततीचा हक्क नाकारला. तेथून विषारी वायूच्या कोठड्यांपर्यंतचे अंतर फार नव्हते. हॉल्डेन यांनी 1938 च्या ‘हेरेडिटी अँड पॉलिटिक्स’ या पुस्तकात या कार्यक्रमाचा वैज्ञानिक पाया किती पोकळ आहे हे दाखविले होते. हे हॉल्डेन 1957 मध्ये भारतात येऊन राहिले, त्यांनी भारताचे नागरिकत्व घेतले आणि 1964 मध्ये भुवनेश्वर येथे त्यांचे निधन झाले.

पण ही चूक केवळ प्रतिगाम्यांकडूनच होते असे मानू नये. लायनस पॉलिंग हे सिकलसेलच्या हिमोग्लोबिनमधील दोष शोधणारे थोर शास्त्रज्ञ; अण्वस्त्रांविरुद्धच्या लढ्यासाठी त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच पॉलिंग यांनी 1968 मध्ये असे सुचविले की सिकलसेल वाहकांच्या कपाळावर खूण गोंदवावी, म्हणजे दोन वाहक एकमेकांच्या प्रेमात पडणार नाहीत! हेतू दुःखनिवारणाचा होता. उपाय मात्र माणसाला डाग देण्याचा. पाठोपाठ 1970 नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेतील अनेक राज्यांनी कृष्णवर्णीयांच्या सिकलसेल तपासणीचे घाईघाईने कायदे केले. वाहक आणि रुग्ण यांतला फरक लोकांना कोणी समजावला नाही. निरोगी वाहकांना नोकऱ्या नाकारल्या गेल्या, विम्याचे हप्ते वाढले. अमेरिकी वायुदलाच्या अकादमीचे दरवाजे तर 1981 पर्यंत वाहकांना बंद होते. जो समाज आधीच तुच्छ लेखला जात होता त्याला तुच्छ लेखण्याचे एक नवे, शास्त्रशुद्ध दिसणारे कारण मिळाले.

उलट्या टोकाची चूक

समाजवाद्यांनी येथे आपल्याही इतिहासाकडे पाहिले पाहिजे. परिस्थिती बदलली की सारे बदलते, या सत्याचा अतिरेक करून ट्रोफिम लायसेंको याने जनुकेच नाकारली. गव्हाला थंडीत ठेवून ‘शिकविले’ की ते गुण संततीत उतरतात, असे त्याचे म्हणणे. ते सत्तेला सोयीचे वाटले. 1948 च्या ऑगस्टमध्ये सोव्हिएत कृषी अकादमीच्या अधिवेशनात आनुवंशिकीला ‘बूर्झ्वा विज्ञान’ ठरवून हद्दपार करण्यात आले. त्याआधीच, जगभर हिंडून पिकांच्या बियाण्यांचा अमोल संग्रह करणारे निकोलाय वाविलोव 1943 मध्ये सारातोवच्या तुरुंगात मरण पावले होते. लायसेंकोचा अंमल 1965 पर्यंत टिकला आणि सोव्हिएत शेतीविज्ञान एक पिढी मागे पडले. ब्रिटिश कम्युनिस्ट पक्षात असलेले हॉल्डेनही या प्रश्नावर काही काळ अडखळले. अखेर 1950 च्या सुमारास ते पक्षापासून दूर झाले.

स्पेन्सरने समाजाचा अन्याय निसर्गावर लादला. लायसेंकोने पक्षाची इच्छा निसर्गावर लादली. दोघांचीही फळे गरिबांनीच भोगली. जनुके आहेत, त्यांचे नियम आहेत आणि ते ठरावाने बदलत नाहीत. परंतु त्या नियमांत ‘परिस्थिती’ नावाची जी जागा आहे, ती माणसाच्या हातात आहे. अशी दुहेरी जाण ठेवणे हेच खरे वैज्ञानिक समाजवादाचे लक्षण होय.

कार्यकर्त्यांपुढील काम

भारत सरकारने 1 जुलै 2023 रोजी सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले. वयाच्या चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन, असे त्याचे उद्दिष्ट आहे. तपासणी झालेल्यांना त्यांची जनुकीय स्थिती सांगणारे कार्ड दिले जाते. या अभियानाचे स्वागतच केले पाहिजे. पण आतापर्यंतच्या विवेचनाच्या उजेडात काही प्रश्नही विचारले पाहिजेत.

पहिला प्रश्न ‘निर्मूलन’ या शब्दाचा. कशाचे निर्मूलन? आजाराच्या यातनांचे असेल तर ते शक्य आहे आणि आवश्यक आहे. जनुकाचे असेल तर वरच्या गणिताप्रमाणे ते चोवीस वर्षांत अशक्य आहे. आणि अशक्य उद्दिष्टाच्या मागे लागलेली यंत्रणा शेवटी माणसांवर सक्ती करू लागते. 1976 मध्ये या देशाने नसबंदीच्या ‘उद्दिष्टां’चा अनुभव घेतलेला आहे.

दुसरा प्रश्न कार्डाचा. दोन वाहकांचे लग्न झाल्यास प्रत्येक अपत्य आजारी होण्याची शक्यता चारात एक असते, हे त्या तरुण-तरुणींना समजलेच पाहिजे. एक वाहक आणि दुसरा वाहक नाही, तर एकही अपत्य आजारी होत नाही, हेही तितक्याच ठळकपणे सांगितले पाहिजे. एवढे कळल्यावर निर्णय त्यांचा. कार्ड जर जन्मपत्रिकेसारखे सोयरिकीत फिरू लागले, तर त्याचा पहिला आघात मुलींवर होईल. मुलगा वाहक असला तर गोष्ट झाकली जाईल. मुलगी असली तर ती गावभर होईल. नवऱ्याचे जनुक आणि बायकोचे जनुक मिळून आजार होतो. दोष मात्र एकटीच्या माथी मारला जातो, हे रोखणे कार्यकर्त्यांचे काम आहे.

तिसरा आणि सर्वांत मोठा प्रश्न उपचारांचा. तपासणी करून कार्ड हाती द्यावे आणि औषध देऊ नये, याला आरोग्यसेवा म्हणत नाहीत. हायड्रॉक्सियुरिया हे महागडे औषध नव्हे. ते नियमित मिळाले तर वेदनांचे झटके पुष्कळ कमी होतात. लहानपणी पेनिसिलिन आणि लसी वेळेवर मिळाल्या तर मुले वाचतात. 2023 अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत या आजारावर जनुकसंपादनाचा उपचार मान्य झाला. अमेरिकेत त्याची किंमत माणशी 22 लाख डॉलर ठेवण्यात आली. विज्ञान कोठवर पोचले आहे आणि भामरागड, धडगावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातील कपाट कोठे आहे, यातील अंतर हाच राजकारणाचा विषय आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. पण प्रमाणपत्रासाठी जिल्ह्याच्या गावी चकरा मारताना रोजगार बुडतो, याची नोंद कोणत्या अभियानात होते?

म्हणून गावपातळीवर करण्याची कामे साधी आणि नेमकी आहेत. आरोग्य केंद्रात औषध महिनाभर शिल्लक आहे की नाही याचा आशाताईंबरोबर दर महिन्याला पडताळा घ्यावा. तपासणीचा निकाल गोपनीय राहतो की नाही हे पाहावे. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे, हे आश्रमशाळेतल्या मुलांना त्यांच्या भाषेत समजवावे. दिव्यांग प्रमाणपत्रांची शिबिरे तालुक्याच्या ठिकाणी घेण्याची मागणी करावी. मलेरियाविरुद्धचे काम सैल पडू देऊ नये. गडचिरोलीच्या जंगलात तो अजून आहे. आणि कपाशीच्या पट्ट्यातील कार्यकर्त्यांनी फरदड न ठेवण्याचा आणि हंगाम वेळेवर संपविण्याचा निर्णय साऱ्या गावाने मिळून घ्यावा यासाठी झटावे; कारण पतंगाला बांध ठाऊक नसतो आणि एकट्याने पाळलेला नियम तेथे निष्फळ ठरतो.

उपचार मिळालेले सिकलसेलचे मूल जगते, शाळेत जाते, उद्या संसार करते. जीवशास्त्राच्या त्या कोरड्या मापानेही त्याची योग्यता वाढलेली असते. ती वाढविली कोणी? त्याच्या जनुकांनी नव्हे. वेळेवर मिळालेल्या गोळीने, ती पोचविणाऱ्या आशाताईने आणि त्या गोळीसाठी तहसीलवर मोर्चा नेणाऱ्या लोकांनी. निसर्ग समता मानत नाही असे जे सांगतात त्यांना एवढेच उत्तर पुरे आहे: निसर्ग समताही मानत नाही आणि विषमताही मानत नाही. तो फक्त परिस्थितीचा हिशेब ठेवतो. परिस्थिती घडविणे हे माणसांचे काम आहे, आणि ते कोणत्या माणसांच्या बाजूने घडवायचे याचाच लढा आहे.